दिसलं का?

आमच्या कचेरीत एखाद्या गोष्टीला नावं ठेवायची असली तर भिकार, टाकाऊ असले शब्द कुणी वापरत नाही. थ्रीडीकाकांनी त्या सगळ्या शब्दांचं काम एकावरच भागवलंय. "सपाट आहे हो." मुखपृष्ठ सपाट. संपादकीय सपाट. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा चहा हल्ली सपाट. एका लेखकाच्या मुलीच्या लग्नाहून आम्ही रिक्षाने परत येत होतो. काका दांडेकर पुलापर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, "मुलगा चांगला आहे. नोकरीही आहे. पण जरा सपाट आहे."

काकांचं खरं नाव अंकाच्या तिसऱ्या पानावर 'मांडणी व सजावट' या शब्दांपुढे गेली एकतीस वर्षं छापून येतंय. पण तिसरं पान वाचतो कोण? त्यामुळे सगळे त्यांना थ्रीडीकाकाच म्हणतात. प्रत्येक दिवाळी अंकाच्या कचेरीत असा एक माणूस असतो. कचेरीत नसला तर घरात असतो. सगळे जेवायला बसले की हा खिशातून काहीतरी काढतो, "एक गंमत दाखवतो," म्हणतो, आणि आमटी गार होते.

नारायण पेठेत वाडा पाडून झालेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या अडीच खोल्या आहेत. त्यातली अर्धी काकांची. लोखंडी टेबल, त्यावर पायकापट्टी, भिंग, कटर, आणि खिळ्यांच्या छपाईच्या दिवसांतला एक लाकडी 'ज्ञ', पेपरवेट म्हणून. प्रेसमधून छापील कागद आला की काका आधी त्याचा वास घेतात. मग तो ट्यूबलाइटसमोर तिरका धरतात, एका कोपऱ्याला चिमटीत धरून वाकवतात आणि डावा डोळा मिटतात. त्यांचं अर्धं आयुष्य डावा डोळा मिटलेल्या अवस्थेत गेलंय. त्यानंतर आमची पाळी. "इकडे ये. असं नको. जरा मागे हो. आणखी मागे. हां. दिसलं का?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकले. "दिसलं." कारण "नाही" म्हटलं की काका खुर्ची हलवतात, मग पंखा बंद करतात, मग खिडकीचा पडदा सरकवतात, आणि तोवर मुद्रितं तपासायची राहून जातात.

हे वेड आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. काकांनी उत्तर दिलं नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून 'आवाज'चे जुने अंक काढून माझ्यासमोर ठेवले. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा अंक. पुढे तो त्यातल्या खिडकीचित्रांसाठी इतका गाजला की आमच्या पिढीतल्या अनेकांना 'आवाज' म्हटलं की खिडकीच आठवते. पानाला एक चौकोन कापलेला असतो, त्यातून पुढच्या पानाचा तुकडा दिसतो. आपल्या मनात भलतंच येतं. पान उलटलं की काहीतरी अगदी सोवळं निघतं. पकडला जातो तो वाचक. काकांच्या वडिलांनी हा अंक कपाटावर, पापडाच्या डब्यामागे ठेवलेला असायचा. काकांनी तो वयाच्या दहाव्या वर्षी शोधून काढला. "कागद सपाट असतो असं आम्हाला शाळेत शिकवलं," ते म्हणतात, "आणि घरी पापडाच्या डब्यामागे त्याला खिडकी होती."

मराठी दिवाळी अंकाची सुरुवात का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून, १९०९ साली झाली, हे सगळे सांगतात. काकांच्या लेखी मात्र खरी सुरुवात कागदाला पहिलं भोक पाडलं त्या दिवशी.

पहिला प्रयोग १९९९चा. तेव्हा मी इथे नव्हते, पण प्रेसमधल्या मामांनी ती गोष्ट मला इतक्यांदा सांगितलीय की आता मी साक्षीदारासारखी सांगू शकते. त्याच्या आदल्या वर्षी 'छोटा चेतन' पुन्हा लागला होता. मूळ मल्याळम सिनेमा १९८४चा, भारतातला पहिला थ्रीडी. काका तो तीनदा पाहून आले आणि त्यांनी ठरवलं की यंदाच्या अंकात एक गणपती पानातून बाहेर आला पाहिजे. लाल आणि निळ्या रंगात एकच चित्र थोडं सरकवून दोनदा छापायचं, आणि अंकासोबत लाल-निळ्या जिलेटिनचा पुठ्ठ्याचा चष्मा द्यायचा. एका डोळ्याला एक चित्र, दुसऱ्याला दुसरं. मेंदू दोन्हींचा हिशोब जुळवायला जातो आणि त्याला खोली दिसते. चष्म्याचे पुठ्ठे काकूंनी आणि शेजारच्या मुलांनी रात्री बसून चिकटवले.

आता ऑफसेट मशिनवर काम करणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य रजिस्टर बसवण्यात जातं. चार रंग चार प्लेटांवरून येतात, ते एकावर एक बरोबर बसले नाहीत तर चित्राला भूत लागतं. कागदाच्या कडेला त्यासाठी बारीक फुल्या असतात. त्या रात्री मामांच्या फुल्या जुळत होत्या, पण गणपतीला दोन सोंडा दिसत होत्या. मामांनी फुल्यांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. पहाटे तीनपर्यंत खपून त्यांनी निळी प्लेट अशी काही सरकवली की दोन सोंडांची एक झाली. सकाळी काका चष्मा लावून आले. गणपती पाटावर जसा असतो तसा, पूर्ण सपाट. त्याच फर्म्यावर एका मिठाईवाल्याची जाहिरात होती. तिच्यातला पेढा मात्र निळा काठ घेऊन पानाच्या बाहेर आला होता.

मिठाईवाल्याने पुढच्या वर्षी पुन्हा तसाच पेढा मागितला, असं मामा सांगतात. ते मी मीठ लावून ऐकते.

मधली बरीच वर्षं काका परदेशातल्या बातम्यांवर जगले. न्यू जर्सीचा भाचा त्यांचा वार्ताहर. डिसेंबर २००९चा 'एस्क्वायर'चा अंक त्याने पाठवला. मुखपृष्ठावर रॉबर्ट डाउनी ज्युनियर आणि एक काळं-पांढरं ठिपक्यांचं चौकोनी चित्र. ते संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर धरलं की पडद्यावर नट मुखपृष्ठावरून उठून बोलायला लागायचा. आमच्या संगणकाला तेव्हा कॅमेराच नव्हता. काकांनी आठवडाभर तो अंक बंद पडद्यासमोर धरून आम्हाला हावभावांसकट सांगितलं, की आता तो उठतोय, आता बसला, आता बर्फ पडायला लागला. नटापेक्षा काकांचं काम चांगलं झालं असावं.

नोव्हेंबर २०१५मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने दहा लाखांहून जास्त वर्गणीदारांच्या घरी रविवारच्या पेपरासोबत गूगलचा पुठ्ठ्याचा डबा टाकला. त्यात दोन भिंगं, पुढे फोन सरकवायची खाच. फोनवर युद्धाने बेघर झालेल्या तीन मुलांची फिल्म लावायची, डबा डोळ्यांना लावायचा, आणि मान वळवाल तिकडे त्यांचं गाव. पेपरवाला मुलगा लोकांच्या दारात अख्खा परमुलूख टाकून गेला, या कल्पनेने काका दोन दिवस जेवले नाहीत. भाच्याने डबा पाठवेपर्यंत धीर कुठला? त्यांनी काकूंच्या पैठणीचं खोकं कापलं, लक्ष्मी रोडवरच्या चष्मेवाल्याकडून ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची दोन भिंगं आणली आणि डबा तयार केला. आतून तो जांभळा होता आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. मला आजही आभासी वास्तव म्हटलं की डांबराच्या गोळ्या आठवतात.

त्या डब्यातून मी पाहिलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

२०१७च्या अंकात वारीवर लेख होता. काकांनी एक गोल कॅमेरा भाड्याने आणला. पाठीला पाठ लावलेली दोन भिंगं, एक पुढचं अर्धं जग घेतं, दुसरं मागचं. काठीवर लावून तो उंच धरायचा. माउलींच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण सदाशिवनगरला होतं, तिथे काका आदल्या रात्रीच जाऊन बसले. या कॅमेऱ्याची एक अडचण असते. साध्या कॅमेऱ्यामागे फोटो काढणारा लपतो. याला मागची बाजूच नाही. त्यामुळे त्या अख्ख्या चित्रणात, खाली पाहिलं की काठी धरून उभे काका, घामाने निथळलेले, तोंड उघडं, वरून ऊन पडलेलं टक्कल. घोड्याकडे बघता बघता जरा मान झुकली की काका. अभिषेकाला बसलेल्या यजमानासारखे सतत मध्ये.

ते चित्रण त्यांनी सगळ्यात आधी आपल्या आईला दाखवलं. आजी तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे होत्या. वीस-पंचवीस वाऱ्या केलेल्या, पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दाराबाहेर पडल्या नव्हत्या. मी प्रूफं द्यायला गेले होते म्हणून हे पाहायला मिळालं. काकांनी डबा त्यांच्या डोळ्यांना लावला. आजींनी दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत गेली, मग पुन्हा मागे, घोडा जाईल तशी. काका अधीर. "दिसलं का? आई, दिसलं का?" उत्तर नाही. घोडे निघून गेल्यावर वारकरी धावतात, टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. तिथे चित्रण पोहोचलं असावं. कारण आजींनी एक हात डब्यावर ठेवून दुसरा खाली नेला, खुर्चीतून वाकून फरशीवर टेकवला आणि कपाळाला लावला. दोनदा.

काकूंनी फरशी नुकतीच पुसली होती, हे मला आठवतं.

डबा बाजूला करून आजी म्हणाल्या, "उन्हात टोपी घालून जायला काय होतं तुला?" आणि त्यावर काका काहीच बोलले नाहीत, जे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण काकांचं खरं स्वप्न डबा हे नव्हतंच. डब्यात अंक कुठे आहे, असा त्यांचा सवाल. डोळ्यांना डबा लावला की हातातला कागद नाहीसा होतो, आणि कागद नाहीसा झाला तर मांडणी कसली करायची? त्यांना हवं होतं ते दुसरं. फोनचा कॅमेरा पानावर धरायचा आणि पडद्यावर त्याच पानातून काहीतरी उभं राहायचं. दोन्हींतला फरक काकांनी आमच्या संपादकांना जसा समजावला तसा मी अजून कुठे ऐकला नाही. "आभासी म्हणजे तुम्ही पंढरपूरला जाता. हे दुसरं म्हणजे पांडुरंग तुमच्या घरी येतो, आणि वीट आपण पुरवायची. आपला कागद म्हणजे वीट."

संपादक विटेला भुलले. २०१८च्या अंकाला मंजुरी मिळाली. एका छोट्या कंपनीने ॲप करून द्यायचं कबूल केलं, आणि पहिला वाद निघाला तो नावावरून. संपादकांचा दंडक असा की पानावर अनावश्यक इंग्रजी दिसता कामा नये. ऑगमेंटेड रिॲलिटीला काय म्हणायचं? मी 'वाढीव वास्तव' सुचवलं. काका म्हणाले, "वीजबिल वाटतंय." 'संवर्धित' म्हटल्यावर गाय आठवली. शेवटी मीच म्हणाले, काका, 'आवाज'ला मानवंदना म्हणून साधं 'खिडकी' म्हणू या की. जिथे जिथे फोन धरायचा तिथे एक छोटी दोन झडपांची खिडकी छापू, आणि चौथ्या पानावर लिहू: 'जिथे ही खिडकी दिसेल, तिथे ती उघडा.' काकांचे डोळे भरून आले. त्यांनी ती खिडकी स्वतः काढली, कडेने तुटक रेघ देऊन. त्या तुटक रेघेबद्दल मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आणि ॲप कसं उतरवून घ्यायचं ही सूचना काकांनी आठ पॉइंटात, पानाच्या तळाशी ढकलली. मोठ्या अक्षरात ती पान सपाट करते म्हणे.

दुसरा वाद मुखपृष्ठाचा, आणि तो मात्र खरोखर रंगला. आमचे चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर वाढलेले. त्यांनी यंदा गडद निळं आभाळ काढलं होतं, त्यात कोजागिरीचा चंद्र आणि खाली अगदी कोपऱ्यात एक पणती. बाकी सगळं मोकळं. बघतच राहावं असं. काकांनी ते कंपनीच्या यंत्राला दाखवलं. हे यंत्र चित्राला शून्य ते पाच तारे देतं, फोनला ते किती पटकन ओळखता येईल त्यावरून. मुखपृष्ठाला एकही तारा मिळाला नाही.

कारण ऐकून चित्रकार खुर्चीतून उठले. फोन चित्र बघत नाही, तो कोपरे मोजतो. जिथे काळं-पांढरं तीव्रपणे भेटतं असे शेकडो बारीक बिंदू तो टिपून ठेवतो आणि त्यांच्या जागांवरून पान कुठे आहे, किती तिरकं आहे ते ठरवतो. मोकळ्या आभाळात कोपरे नसतात. चंद्राला तर नसतातच.

"मग रांगोळी काढू," काका म्हणाले. रांगोळीत काय हवे तेवढे कोपरे. चित्रकारांनी दात-ओठ खाऊन आठ पाकळ्यांची रांगोळी काढली. यंत्राने दोन तारे दिले आणि प्रत्यक्षात गोंधळ घातला. आठही पाकळ्या हुबेहूब सारख्या, त्यामुळे वरची बाजू कुठली हेच फोनला कळेना. रांगोळीवर उभी राहायची ती पणती कधी आडवी, कधी उलटी, तेल खाली. पैठणीच्या काठाचं तेच. सारख्या ओळीने येणारे मोर पाहून फोनला चक्कर आली.

तेव्हा काकांनी असं ठरवलं की अख्खा अंकच एकदा यंत्राला दाखवून बघू, त्याला आवडतं तरी काय. १९२ पानं आम्ही एकेक करून दाखवली. कवितांना एक. व्यंगचित्रांना तीन. आणि पाचपैकी पाच तारे मिळाले ते पान ८९ला. पान ८९वर एका सहकारी पतसंस्थेची दीपावली शुभेच्छांची जाहिरात होती. वर अध्यक्ष, गंध लावलेले, हात जोडलेले, आणि खाली एकवीस संचालकांचे एकवीस छोटे फोटो, प्रत्येकाच्या खाली नाव आणि पद. कुणाचा फेटा, कुणाची टोपी, कुणाचा गॉगल. एकासारखा दुसरा नाही, आणि कागदाचा एक चौरस इंच मोकळा नाही.

"माझा चंद्र दिसत नाही," चित्रकार म्हणाले, "आणि यांना पतसंस्थेचे संचालक दिसतात!" ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवं चित्र घेऊन. तोच चंद्र, तेच आभाळ, पण अंगणात पारिजात, आणि त्याच्या फुलांचा जमिनीवर वेडावाकडा सडा. कुठे तीन फुलं एकत्र, कुठे एकच लांब पडलेलं, देठ कसेही. चार तारे. चित्र आधीपेक्षा चांगलं झालं होतं, हे काका, मी आणि चित्रकार तिघांनाही कळलं, आणि तिघांपैकी कुणीही ते यंत्रासमोर कबूल केलं नाही.

चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडून फोन आंधळा होतो, म्हणून मॅट लावायचं ठरलं आणि त्यापायी व्यवस्थापकांशी भांडण झालं. ते सगळ्या कचेऱ्यांत होतं तसंच होतं, सोडून देते.

प्रकाशनाला सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. प्रमुख पाहुणे ज्येष्ठ समीक्षक. काकांनी त्यांच्या एका हातात अंक दिला, दुसऱ्यात फोन, आणि स्वतः त्यांच्या खांद्यामागे उभे राहिले. "जरा मागे घ्या. फोन मागे घ्या सर, अंक नको. आता पुढे. प्रकाश... अहो, तो स्टेजवरचा दिवा जरा बंद करता का? हां. दिसलं का?" पारिजाताखालून पणती हळूच वर यायची होती, तिची ज्योत आभाळात जाऊन चंद्र व्हायची होती. आम्ही ते कचेरीत शंभरदा पाहिलं होतं आणि दर वेळी मला ते आवडलं होतं. पण समोर बसलेल्या अडीचशे माणसांना काय दिसत होतं? काळोखात एक वयस्क गृहस्थ एका मासिकाकडे फोनमधून डोळे बारीक करून बघतायत आणि दुसरे गृहस्थ त्यांच्या कानात "दिसलं का" म्हणतायत. ही गंमत एका वेळी एकालाच दिसते, याचा विचार कुणी केला नव्हता. पाहुण्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माइककडे वळून ते म्हणाले, "दिसलं." काकांचा चेहरा असा काही उजळला की सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला आजही शंका आहे की त्या गृहस्थांनीही पहिल्या आठवड्यातच शिकून घेतलं असावं.

अकरा खिडक्या होत्या अंकात. किती वाचकांनी उघडल्या, ते कंपनी आकड्यांत सांगू शकत होती. काकांनी विचारायचं टाळलं, मीही.

२०२०मध्ये टाळेबंदीत कंपनीने ॲप बंद केलं. एक ईमेल आली, आभार मानणारी. २०२१च्या मार्चमध्ये गूगलनेही पुठ्ठ्याचा डबा विकणं थांबवलं. काकांनी दोन्ही बातम्या घरात वयस्कर माणूस गेल्यासारख्या घेतल्या. पारिजाताचा अंक अजूनही त्यांच्या टेबलावर असतो. कधी कधी फोन त्यावर धरतात, सवयीने. फोन फुलं दाखवतो, तेवढीच.

गेल्या पावसाळ्यात दुपारी कचेरीचा फोन वाजला. संगमनेरहून एक निवृत्त मुख्याध्यापक बोलत होते. वाचनालयाचे जुने दिवाळी अंक लावताना त्यांच्या हाती आमचा २०१८चा अंक लागला होता.

"तुमची खिडकी उघडली बरं का," ते म्हणाले.

माझ्या छातीत धस्स झालं. ॲप तर बंद. मी विचारलं, "कशी उघडली सर?"

"आधी नखाने पाहिलं. मग वाटलं, तुटक रेघ दिलीय म्हणजे कापायचं असणार. ब्लेड घेतलं. कागद चांगला वापरता हो तुम्ही. अंक वाचनालयाचा आहे, पण कार्यवाह मीच आहे, त्यामुळे काळजी नाही."

"कुठली खिडकी सर?"

"पान ८७. ती कथा आहे ना, नवऱ्याची वाट बघत ती बाई खिडकीशी बसते."

त्या कथेच्या चित्रात काकांनी हौसेने आपली छापील खिडकी थेट त्या घराच्या खिडकीवर बसवली होती. पान ८७ कापलं की पलीकडचं ८८ही कापलं जातं. त्यानंतर येतं ८९.

"उघडल्याबरोबर," मुख्याध्यापक म्हणाले, "आत एक गंध लावलेले गृहस्थ हात जोडून उभे. हसत. कथेशी संबंध लागला नाही मला, पण फार दिवसांनी एवढा हसलो. 'आवाज'ची आठवण झाली. पुढच्या खिडक्या मी अजून उघडल्या नाहीत. रोज एक उघडणार आहे."

मी फोन ठेवला आणि काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी ऐकून घेतलं, टेबलावरचा पारिजाताचा अंक ओढला, लाकडी 'ज्ञ' पानावर ठेवून पान दाबलं आणि कटरने तुटक रेघेवरून सावकाश चारही बाजू कापल्या. कापलेला चौकोन जपून खिशात टाकला. मग पान उभं धरलं, ट्यूबलाइटसमोर जरा तिरकं, आणि डावा डोळा मिटला.

"इकडे ये. असं नको. जरा मागे हो. आणखी मागे. दिसलं का?"

"दिसलं, काका." आणि खरंच दिसलं. घराच्या खिडकीत पतसंस्थेचे अध्यक्ष, हात जोडून.

काकांनी भिंग काढलं, खिडकीच्या चौकटीपासून अध्यक्षांच्या कानापर्यंत पायकापट्टी लावली.

"दोन मिलिमीटर डावीकडे हवे होते," ते म्हणाले.